बर्गरचं सोवळं
(वडूज इथं केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीतला कंत्राटी मजूर. शिक्षण मॅट्रिक. साहित्यिक भाषण मला जमत न्हाई, म्हणून जाहिरातीवर बोलतो. हॉटेल उघडताना वाजणाऱ्या दवंडीवर.

माझी आजी ह्याच खटाव तालुक्यातली. तिच्या बापाची कपबशी हॉटेलच्या भिंतीबाहेर ठेवलेली. चहा वरून ओतायचा, कप त्यानंच धुवायचा. घटनेच्या १५ व्या कलमानं हॉटेलाचं दार सगळ्यांना उघडलं, १९५० साली. म्हणून आज बर्गरच्या काउंटरवर आपली पोरं ताठ उभी राहतात. तिथं आडनाव विचारत न्हाईत, पैसे विचारतात. ह्याला मी हसणार नाही. पण काउंटरच्या मागं काय चाललंय?

१९९६ च्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्स आलं. आधी दिल्लीत वसंत विहारला, मग लगेच मुंबईत वांद्र्याला. तिकडं ह्यांचा धंदा गाईच्या मांसावर उभा. इथं पहिली दवंडी काय? बीफ नाही, पोर्क नाही. शाकाहारी रांधप वेगळी, भांडी वेगळी, रांधणारी माणसंसुद्धा वेगळी. मेयोनीजमध्ये अंडं नाही. साहेबाला मनुस्मृती कुणी वाचून दाखवली नव्हती. त्यानं बाजार वाचला, पैसा कुणाच्या खिशात ते बघितलं, आणि आपल्या पणज्याची कपबशी ज्या नियमानं बाहेर ठेवली तोच नियम स्वच्छता म्हणून विकायला काढला. मटणाच्या बर्गरचं नाव तेव्हा ठेवलं महाराजा. शेवटचं अक्षर खोडा, म्हणजे गावकुसाबाहेर मारलेली हाक ऐकू येईल.

२००४ ला वीस रुपयांचा मेनू आला. पुढं जाहिरातीत सांगितलं, बापाच्या जमान्याचे भाव. कुणाच्या बापाच्या? २०१२ ला तर अमृतसर आणि कटऱ्याला निव्वळ शाकाहारी दुकानं काढणार म्हणून जगभर गाजवलं.

शाकाहाऱ्यानं त्याचं खावं, माझं काय जातंय. पण त्याच ताटावर 'भारतीय चव' अशी पाटी लागली की माझ्या आईची चुलाण परदेशी ठरते. कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच १९२७ ला महाडात मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. सांगितलं. शिळे तुकडे मागणंही सोडायला सांगितलं. ते स्वाभिमानासाठी. सोवळ्यासाठी न्हवं.

आता ही साथ तालुक्याला आलीय. रिक्षावर भोंगा, चौकात फ्लेक्स, एकावर एक फुकट. खुशाल जा, खा. पण फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो आहेत ते मोजा. आत खरकटं कोण उचलतं, भट्टीशी कोण उभं राहतं, पगार किती, सुट्टी कधी, ते त्या पोरांनाच विचारा. एकेका दुकानाचं लिहून पुढच्या अंकासाठी पाठवा. कविता नको, नुसते आकडे चालतील.