कर्ज माफ, हप्ते चालू

मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीला एका ताईंनी हप्ता आणलाच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "साहेबांनी बायांची कर्जं माफ केली ना, मोबाईलवर आलंय." आम्ही मेसेज वाचला. "थोर मनाच्या साहेबांनी गटांची सगळी कर्जं एका फटक्यात माफ केली म्हणे! आता फक्त हप्ते तेवढे भरायचे राहिलेत." आम्ही सगळ्या हसलो. ताईंचे डोळे भरून आले. हप्त्याचे पैसे बियाण्यात गेले होते.

हा उपरोध. तसा तो आपल्या घरचाच. सून उशिरा उठली की सासू म्हणते, "उठलात का राणीसरकार? झोपायचं होतं की अजून!" सुनेला लगेच कळतं. एरवी 'अगं-तुगं' करणारी सासू एकदम 'उठलात'वर गेली, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. स्तुतीच्या आडून केलेल्या निंदेला आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती म्हणतात. इथे व्याज म्हणजे सोंग हं, गटाचं व्याज नव्हे!

त्या मेसेजमधला 'थोर मनाच्या' हा तसलाच जास्तीचा मान. पण खरी मेख 'म्हणे' या शब्दात आहे. 'म्हणे' लावलं की बोलणारी सांगते, हे माझं नव्हे, दुसऱ्याचं बोलणं आहे. स्पर्बर आणि विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी १९८१ साली हेच मांडलं, की उपरोध करणारा दुसऱ्याचं बोलणं उचलून त्याला वेडावून दाखवतो. राजकीय चेष्टेत तर पुढाऱ्याची घोषणाच उचलतात आणि शेजारी खरी परिस्थिती ठेवतात. इथे ती 'हप्ते भरायचे राहिलेत' या वाक्यात होती. ताईंनी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. शिवाय कुणाची घोषणा वेडावली आहे हे माहीत नसेल, तर ऐकणाऱ्याला तो खराच निरोप वाटणार.

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार व्हायचे. तिथे गोष्ट राजाची, पण टोला आजच्या कारभाराला, हे लोकांना बरोबर कळायचं. समोर चेहरा असायचा, आवाजाचा हेल असायचा. मोबाईलवरच्या अक्षरांना दोन्ही नाही.

पुढच्या महिन्यात ताईंनी दोन्ही हप्ते भरले. दंड आम्ही लावला नव्हता. सही करताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम फार मायाळू हो आमच्या. त्या दिवशी किती छान हसलात!"

मला लगेच कळलं.