मुरघास : आधी वास घ्या, मग जनावराला घाला

मुरघासाचा खड्डा ४५ दिवसांनी उघडला की पहिली परीक्षा नाकाने करायची. आत काय घडलं ते वास सांगतो.

चांगला मुरला असेल तर वास आंबूस पण सौम्य येतो आणि रंग पिवळसर हिरवा असतो. गंमत अशी, की वैरण टिकवणाऱ्या लॅक्टिक आम्लाला स्वतःचा वास जवळजवळ नाहीच. दही आंबट होतं ते याच आम्लामुळे. नाकाला जाणवतो तो थोड्याशा ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे शिरक्याचा. तो नाकात झोंबू लागला तर मात्र मुरण्याची क्रिया बिघडली असं समजा.

ताडीसारखा वास आला तर यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल केलं. हे अल्कोहोल आणि आम्ल एकत्र आले की एस्टर तयार होतात. मग पिकल्या फळासारखा, कधी थिनरसारखा वास सुटतो. गोडसर वासाने पुष्कळ जण फसतात. असा मुरघास हवा लागताच तापतो, जनावरं तोंड फिरवतात. तो फार दिवस ठेवू नका. रोज तोंडाकडचा किमान अर्धा फूट थर काढा आणि कागद लगेच झाका.

सगळ्यात वाईट वास खवट लोण्याचा. हाताला लागला तर साबणानेही लवकर जात नाही! हे ब्युटिरिक आम्ल. मका फार ओला कापला किंवा वैरणीत माती गेली, की मातीतले जिवाणू ते तयार करतात. नुकत्याच व्यालेल्या गाईला हा मुरघास देऊच नका. तिला कीटोसिस होण्याचा धोका वाढतो. खड्डा भरताना कुट्टी मुठीत दाबून बघावी. पाणी ठिबकलं तर वैरण अजून सुकू द्या. हात नुसता ओलसर झाला आणि गोळा हळूहळू सुटला, म्हणजे भरायला हरकत नाही. दाणा दुधाळपणा सोडून घट्ट होऊ लागला की मका कापावा, तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे करावेत आणि थर चांगला तुडवावा. तुडवण्यात कुचराई झाली की हवा राहते.

कुबट वास आला किंवा बुरशी दिसली, तर तो भाग आजूबाजूच्या थरासकट फेकून द्या. बुरशीचं विष दुधात उतरतं.

आणि हो, चांगला मुरघासही धार काढून झाल्यावरच घाला, नाहीतर दुधाला वास लागतो.