दुखण्याच्या आधीचा दात



वैद्यकविषयक ग्रंथांचा अनुवाद करणाऱ्याला पहिली अडचण येते ती शब्दांची. 'दात किडला' असे आपण म्हणतो, तेव्हा एखादा किडा आत शिरून त्याने दात पोखरला, असे चित्र त्या शब्दातच दडलेले असते. सुश्रुतसंहितेतील 'कृमिदंतक' ही संज्ञाही तेच सुचविते. बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली या समजुतीऐवजी निराळी उपपत्ती मांडली. तोंडातील सूक्ष्म जंतू गोड व पिष्टमय अन्नापासून आम्ल निर्माण करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळविते, असे त्याने दाखविले. किडा गेला, शब्द मात्र राहिला. आणि त्याच्या आश्रयाने एक गैरसमजही राहिला. भोक दिसत नाही तोवर कीड नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक भोक हा या रोगाचा आरंभ नसून बराच पुढचा टप्पा होय.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजाचे असते आणि त्यात मज्जातंतू नसतात. म्हणूनच त्याची झीज होत असता काहीच दुखत नाही. दातावरील चिकट थरात आम्लता वाढून पीएच मूल्य साधारण ५.५ च्या खाली गेले, की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागते. पुढे लाळेच्या योगाने आम्लता उतरली, की त्यातील काही अंश परत जागेवर बसतो. ही देवघेव दिवसातून अनेकदा चालते. दिवसभर थोडेथोडे गोड खाणाऱ्याच्या तोंडात येणे कमी आणि जाणे अधिक होते. मग वरचा पातळ पापुद्रा शाबूत राहून त्याखालचा भाग विरळ, सच्छिद्र बनतो. या अवस्थेत फ्लोराइडयुक्त पेस्ट, स्वच्छता आणि आहारातील बदल यांनी झीज थांबविता येते, काही अंशी भरूनही काढता येते. दात ठणकू लागतो तो झीज आतल्या थरात खोलवर पोचल्यावर. तेव्हा ही संधी बहुधा निघून गेलेली असते.

ही मूक अवस्था ओळखायची कशी? सर्वांत जुने साधन अगदी साधे आहे: चांगला उजेड, छोटा आरसा आणि कोरडा दात. ओल्या दातावर आरंभीची झीज दिसतच नाही, कारण तिची छिद्रे लाळेने भरलेली असतात आणि पाण्यातून व दंतवल्कातून प्रकाश पुष्कळसा सारख्याच रीतीने जातो. कागदावर तेल पडले की तो पारदर्शक होतो, तसेच हे. हवेच्या झोताने दात पाच सेकंद वाळविला, की छिद्रांत हवा शिरते, प्रकाश विखुरतो आणि खडूसारखा पांढरा डाग उमटतो. दात ओला असतानाही डाग दिसला, तर झीज अधिक खोल गेली आहे असे समजावे. पूर्वी अणकुचीदार सळईने खाचा टोचून पाहण्याची रीत होती. तिने वरचा नाजूक पापुद्राच फुटतो, म्हणून ती आता त्याज्य मानतात.

प्रत्येक पांढरा डाग किडीचाच असतो, असेही नाही. नलगोंडासारख्या जिल्ह्यांत पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळेही दात डागाळतात; परंतु ते डाग बहुधा दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे आणि अस्पष्ट कडांचे असतात, तर किडीचा डाग हिरडीलगत, चिकट थर साचतो तेथे, आढळतो.

दोन दातांमधील फटीत मात्र नजर पोचत नाही. तेथे क्ष-किरण लागतात. दाताचे पहिले क्ष-किरण चित्र जर्मनीत ओटो वाल्कहोफ याने जानेवारी १८९६ मध्ये स्वतःच्याच दातांचे घेतले. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटे निश्चल बसावे लागले! १९२५ साली अमेरिकेत हॉवर्ड रेपर याने फिल्मची पट्टी दातांत धरावयास लावून वरच्या व खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात टिपण्याची युक्ती काढली. ती आजही प्रचारात आहे. १९८७ साली फ्रान्समध्ये फिल्मऐवजी विद्युत्-संवेदक आला आणि किरणांची मात्रा कमी झाली. तथापि खनिजाचा ३० ते ४० टक्के अंश गेल्याखेरीज चित्रात छाया स्पष्ट उमटत नाही.

अलीकडची साधने प्रकाशावर चालतात. एकात लाल लेसर किरण दाढेच्या खाचेवर सोडून जंतूंच्या उत्सर्गद्रव्यांची प्रतिदीप्ती मोजतात आणि ० ते ९९ यांमधील आकडा मिळतो. दुसऱ्यात निळसर प्रकाशाखाली निरोगी दंतवल्क हिरवे चमकते, झिजलेला भाग काळवंडतो. परंतु पान-तंबाखूचा डाग किंवा कीटणसुद्धा तो आकडा फुगविते. आकडा म्हणजे निदान नव्हे.

आणि येथेच खरा धोका आहे. लवकर दिसले म्हणून लवकर कोरले, तर या साऱ्या साधनांचा हेतूच उलटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जी. व्ही. ब्लॅक याच्या प्रभावाखाली किडलेल्या भागाबरोबर शेजारच्या निरोगी खाचाही कोरून भरीत असत. त्या काळच्या ज्ञानाला ते धरून होते. आज तसे करण्याचे कारण उरलेले नाही. एकदा भरलेला दात कालांतराने पुन्हा भरावा लागतो आणि दर वेळी पोकळी थोडी मोठी होते. तेव्हा केवळ दंतवल्कापुरती छाया दाखवून कोणी कोरावयास सांगू लागला, तर विचारावे: पृष्ठभाग अजून अखंड आहे काय? डाग खरखरीत व निस्तेज आहे, की गुळगुळीत व चकचकीत? पहिला वाढता असतो, दुसरा बहुधा थांबलेला. मागचे चित्र असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची विनंती करावी; झीज वाढते आहे की नाही, हे त्या तुलनेतूनच कळते.

घरी मुले असणाऱ्यांसाठी आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. आधी कोणताच दात पडलेला नसल्यामुळे ती दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते. ती मात्र कायमची असते. पूर्ण वर येण्यास तिला कित्येक महिने लागतात, त्या काळात ब्रश तिच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि खोल खाचांत अन्न अडकते. तिची पाहणी त्याच महिन्यांत, दात कोरडा करून, करवून घ्यावी. खाचा फार खोल असल्यास त्या न कोरता लेपाने बुजविता येतात.