सहलीला जाताना : फाटकावरची तपासणी आणि गर्दी



सुगी उरकली की गटागटातून सहलीची बोलणी सुरू होतात. पूर्वी आपण देवदर्शनाला जायचो. आता मुली म्हणतात, आई, पाळण्यांच्या बागेत जाऊ, पाण्याच्या घसरगुंडीवर जाऊ. आणि का जाऊ नये? वर्षभर राबतो, एक दिवस आपलाही असतो. आज मी त्या सहलीबद्दलच बोलणार आहे; पण पाळण्यांबद्दल नाही, पाळण्यांच्या आधी लागणाऱ्या फाटकाबद्दल.

आधी आमच्या गावची गोष्ट सांगते. आमच्या तीन गटांनी महिन्याला पन्नास-पन्नास रुपये बाजूला टाकले आणि एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. सहलीची जबाबदारी माझ्याकडे होती. पहाटे तीनला निघालो, साडेनऊला एका मोठ्या करमणूक बागेसमोर उतरलो. रविवार होता. आमच्याआधी शाळांच्या गाड्या लागल्या होत्या, आमच्यामागून आणखी येत होत्या. फाटक दहाला उघडणार होतं. बायकांच्या तपासणीला एकच टेबल आणि एकच बाई होती.

आमच्यातल्या एका मावशींच्या पिशवीत अडकित्ता निघाला. तपासणीवाली म्हणाली, हा आत नेता येणार नाही. मावशी म्हणाल्या, माझ्या सासूबाईंचा आहे, इथं टाकून जाणार नाही. तो गाडीत ठेवायला त्या माघारी वळल्या, म्हणजे रांगेच्या उलट्या दिशेनं. तेवढ्यात आत गाणी वाजायला लागली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "सोडलं, आत सोडलं!" मागून रेटा आला. आमच्या एका मैत्रिणीची सहा वर्षांची मुलगी लोखंडी कठड्याशी दाबली गेली. तिची आई दोन हातांवर होती, पण तिला वळता येईना. मुलगी रडतसुद्धा नव्हती. रडायला श्वास लागतो, तो तिला घेता येत नव्हता.

त्या तपासणीवाल्या बाईनं ते पाहिलं. ती टेबल सोडून धावली, मागच्यांना ओरडून मागे सरायला लावलं आणि मुलीला कठड्यावरून उचलून पलीकडे घेतलं. मुलगी वाचली. बरगडीवर चार दिवस काळं-निळं होतं. त्या दिवशी मी एकाही पाळण्यात बसले नाही. डब्यात दशम्या किती घ्यायच्या ते मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण पिशवीत काय घ्यायचं नाही आणि फाटकाशी कसं उभं राहायचं, ते सांगितलं नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं? नंतर मी विचारत गेले, वाचत गेले. ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, ही तपासणी कशासाठी? २००८ साली मुंबईवर २६/११चा हल्ला झाला. त्यानंतर मॉल, स्टेशन, मोठी देवळं, करमणुकीच्या जागा, सगळीकडे त्या दारासारख्या चौकटी जास्त दिसू लागल्या. त्या चौकटीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून हलकं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातू जवळ आला की त्यात फरक पडतो आणि यंत्र वाजतं. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, पदराची पिन, स्टीलचा डबा यांनीही ते वाजू शकतं. वाजलं म्हणजे आपण चोर ठरलो असं नाही. शांतपणे थांबायचं आणि काय आहे ते दाखवायचं.

कोणी म्हणतं, पोटुशीनं त्यातून जाऊ नये. त्या चौकटीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे ती भीती नको. क्ष-किरण असतात ते पिशव्या सरकवायच्या पेटीसारख्या यंत्रात. तिथं फक्त सामान ठेवायचं. लहान मुलांना त्याच्या पट्ट्याशी खेळू द्यायचं नाही, आत हात घालू द्यायचा नाही. मात्र कोणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर त्यांनी दवाखान्यातून मिळालेलं कार्ड सोबत ठेवावं आणि ते आधीच दाखवावं. चौकटीतून नेहमीच्या चालीनं जावं, तिथं रेंगाळू नये, टेकू नये. हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका, असं स्पष्ट सांगावं.

दुसरी गोष्ट, अंगाची तपासणी. बाईची तपासणी बाईनंच करायची, आडोशाला करायची. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच आणि मर्यादा सांभाळून घ्यावी लागते, तसा कायदा आहे. फाटकावरचा खासगी रखवालदार तर पोलीसही नसतो. तो जबरदस्तीनं अंगाला हात लावू शकत नाही. तपासणीला नकार दिला तर तो आत सोडणार नाही, एवढंच. म्हणून पुरुष तपासायला पुढं आला तर भांडू नका, घाबरूही नका. मोठ्यानं म्हणा, "दादा, बाईला बोलवा, आम्ही थांबतो." एकीनं म्हटलं की बाकीच्यांनीही म्हणायचं.

आता थोडा हिशेब करू. आपल्या गटाच्या वहीत करतो तसाच. गाडीत ५० बाया. प्रत्येकीच्या दोन पिशव्या, म्हणजे १०० पिशव्या. एक पिशवी उघडून बघायला अर्धा मिनिट धरा. झाली ५० मिनिटं, एका गाडीला. अशा १० गाड्या आल्या आणि टेबलं ४ असली, तर शेवटच्या बाईला दोन तासांहून जास्त उभं राहावं लागेल. आता प्रत्येकीची एकच पिशवी आणि तीही सुटसुटीत असली, पाव मिनिटात बघून होणारी, तर एक गाडी साडेबारा मिनिटांत आत जाते. दहा गाड्या चार टेबलांवर अर्ध्या तासाच्या आसपास संपतात. बाग तीच, फाटक तेच. फक्त पिशव्या कमी झाल्या. रांग लांबली की माणसं वैतागतात, वैतागली की दाटतात, आणि दाटी झाली की धोका.

मैत्रिणींनो, हीच आजची मुख्य गोष्ट आहे. तपासणी करतात ती पिशवीतल्या धोक्यासाठी. पण फाटकापुढे जमलेली गर्दी हाही धोकाच आहे, आणि तो कुठल्याही यंत्रात वाजत नाही.

आपल्याला हे नवं नाही. २५ जानेवारी २००५ला, पौर्णिमेच्या यात्रेत, वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला काय झालं ते आपल्यातल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. चढाची अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. २९ सप्टेंबर २०१७ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जण गेले. पाऊस आला, माणसं जिन्यावर थांबली, आणि मागून लोक येतच राहिले. ४ जून २०२५ला बंगळुरूला चिन्नास्वामी मैदानाच्या बाहेर, क्रिकेटच्या विजयोत्सवाच्या वेळी, ११ जण गेले. तीही गर्दी फाटकांपाशीच झाली होती.

आपण म्हणतो, तुडवून मेले. तसं पडून तुडवले जाणारेही असतात. पण अशा गर्दीत बरेच जण उभ्या उभ्या जातात. श्वास घ्यायला छाती भात्यासारखी फुगावी लागते. चारी बाजूंनी दाबली गेली की ती फुगत नाही. मागचा प्रत्येक जण थोडंसंच ढकलतो, पण ते सगळं पुढच्याच्या अंगावर साठत जातं. आणि मागच्याला पुढचं दिसत नसतं. त्याला वाटतं, जरा सरकले तर काय बिघडलं.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. खडूनं जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यात चौघी उभ्या राहा. हलता येतं, वळता येतं. आता सहा जणी उभ्या राहा, मग सात. खांद्याला खांदा लागतो, हात वर करणं अवघड होतं. खऱ्या गर्दीत एवढी दाटी झाली की आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते, पाण्यात काडी वाहते तशी. म्हणून खूण लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंनी अनोळखी खांदे लागायला लागले की बाहेर पडायची वेळ झाली. हात हलेनासे होईपर्यंत थांबायचं नाही.

तरीही अडकलोच तर? पदर आणि ओढणी खोचून घ्या. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहील. एक पाय थोडा पुढे, एक मागे. चप्पल निसटली, पैसे पडले, तरी वाकू नका. उलटं ढकलू नका. रेटा ओसरला की त्या क्षणाला तिरपं तिरपं कडेला सरका. पण कठडा, भिंत, खांब यांना चिकटू नका. आमची मुलगी तिथंच दाबली गेली होती. लहान मूल हाताला धरून चालवू नका, उचलून वर घ्या. कोणी पडलं तर लगेच हात देऊन उठवा. मदतीला ११२ नंबर आहे.

आत गेल्यावरही एक काम आहे. बाहेर पडायची दुसरी वाट कुठं आहे ते बघून ठेवायचं. २५ मे २०२४ला राजकोटच्या खेळघराला आग लागली आणि २७ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. त्या जागेकडे अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. आपण प्रमाणपत्रं तपासू शकत नाही. पण बंद जागेत शिरताना दार किती आणि कुठं, एवढं तर बघू शकतो.

हे सगळं आपल्यावरच का, असं म्हणाल तर ते खरं आहे. तिकिटाचे पैसे घेणाऱ्यानं टेबलं वाढवायची, बायका नेमायच्या, रांगेला सावली आणि जागा द्यायची. ती त्याची जबाबदारी आहे, आणि ती मागायला आपण लाजायचं नाही. आम्ही परतताना तिथल्या तक्रारवहीत सगळं लिहिलं, अकरा जणींनी सह्या केल्या. त्या टेबलावरच्या बाईचे आभारही त्याच पानावर लिहिले.

या वर्षी आम्ही पुन्हा सहल काढली. दुसऱ्या ठिकाणी, आणि रविवारी नाही, मंगळवारी. आधी फोन करून विचारलं : बायकांची रांग वेगळी आहे का, बाहेरचं खाणं चालतं का, सामान ठेवायची सोय आहे का? जेवण बाहेरच उरकून घेतलं. अडकित्ता, चाकू, काडेपेटी, मिश्रीच्या डब्या, सगळं घरी नाही तर गाडीत. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट जवळ. एकीला एक पिशवी. दहा-दहा जणींच्या पाच टोळ्या केल्या, प्रत्येकीला एक म्होरकी. मुलांच्या खिशात आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरलेली. फाटक उघडल्या उघडल्या धावलो नाही. झाडाखाली बसून राहिलो आणि अर्ध्या तासानं गेलो. पाळणे कुठं पळून जाणार होते?

ती मुलगी या वेळीही आली होती. फाटक दिसल्यावर तिनं आईचा हात घट्ट धरला. आई म्हणाली, "गर्दी जाऊ दे, मग जाऊ." मुलगी म्हणाली, "मी मोजते." आणि आत जाणारी माणसं मोजत बसली. दोनशेच्या पुढे तिचा आकडा चुकला, तोवर रांग मोकळी झाली होती.

आणि अडकित्तावाल्या मावशींनी या वेळी सुपारी घरूनच कातरून आणली होती, पुडीत बांधून.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा, तो चौकोन आखून बघा. जत्रेला जाताना, बाजाराला जाताना, एसटीत चढतानाही त्याची आठवण ठेवा. येते मैत्रिणींनो. नमस्कार.