माल मूठभर, जागा खणभर



समजा, एका वखारीत सारख्या मापाचे खण केलेले आहेत. नियम असा की, एका खणात एकाच धन्याचा माल. कुणी दहा पायल्या ज्वारी आणो, कुणी ओंजळभर तीळ. खण अख्खा त्याच्या नावावर चढायचा. तिळाच्या खणात उरलेली जागा रिकामी दिसते खरी, पण ती दुसऱ्याला मिळत नाही.

संगणकाची डिस्क किंवा आपला पेन ड्राइव्ह म्हणजे अशीच वखार. तिच्या खणाला क्लस्टर म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत हा खण सहसा ४ केबीचा असतो. पण ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजवर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला, तर एकेक खण १२८ केबीचा होतो!

आता गुरुजींचा हिशेब पाहू. शाळेत ४०० मुले. प्रत्येकाच्या नोंदीच्या तीन फाइली, म्हणजे १२००. प्रत्येक फाइल २ केबीची. एकूण माल किती? २४०० केबी, अडीच एमबीसुद्धा नाही. पेन ड्राइव्हवर १०० एमबी जागा मोकळी, म्हणून गुरुजी निर्धास्त. आणि अर्ध्यावर काम अडतं, ‘जागा नाही’ म्हणून! कारण १२०० फाइलींना १२०० खण, आणि १२०० गुणिले १२८ म्हणजे बरोबर १५० एमबी.

अशा वेळी माणूस काय करतो? गेल्या वर्षीचं काहीतरी पुसून टाकतो. इथेच घात होतो बरं का.

पुसू नका. आधी त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘साइज’ म्हणजे माल, आणि ‘साइज ऑन डिस्क’ म्हणजे अडलेली जागा. दोन्हींत फार अंतर दिसलं, तर संगणकावरच साऱ्या फाइलींची एक झिप फाइल बांधा आणि तीच पेन ड्राइव्हवर न्या. एकच धनी झाला, की शेवटचा खण तेवढा अर्धामुर्धा राहतो. वीस-एकवीस खणांत काम भागतं. फोटो मोठे असतात, त्यांच्या बाबतीत ही नासाडी जाणवतही नाही.

तुम्ही विचाराल, मग खण लहानच का करू नयेत? खण वाढले की वखारीची वहीही वाढते. सगळा कारभार त्या वहीवर चालतो.

उलटा प्रकारही घडतो, आणि तो मला मोठा गमतीचा वाटतो. एनटीएफएसमध्ये काहीशे बाइटांची चिमुकली फाइल वहीच्या पानातच पुडी बांधून ठेवतात. तिला खणच लागत नाही. ‘साइज ऑन डिस्क’ शून्य दिसते.

पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना खणाचं माप आपल्याला निवडता येतं. पण त्यात आतला सगळा माल पुसला जातो, तेव्हा आधी तो दुसरीकडे उतरवून, उघडून पाहून घ्या.