आधी भोक, मग खिळा



आपण पाम गावात बसलो आहोत. जवळच तारापूरची एमआयडीसी आहे. तिथे बटण दाबलं की मशीन लोखंडातून आरपार जाते. पण आज निरूपणाला मी सुताराचं जुनं हत्यार घेतलंय. त्याचं नाव सामता. म्हाताऱ्या मंडळींनी तो पाहिलाय, तरुणांना सांगतो.

एक लाकडी दांडा, त्याला खाली पोलादी टोक, वर मूठ. दांड्याला दोरीचा वेढा आणि ती दोरी कमानीला बांधलेली. एका हाताने मूठ दाबायची, दुसऱ्या हाताने कमान पुढे-मागे ओढायची. दांडा गरगर फिरतो, भुसा वर येतो, भोक पडतं. ही विद्या फार जुनी. बलुचिस्तानात मेहरगढला माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली. ती साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची, असं 2006 साली संशोधकांनी जगापुढे मांडलं.

आता तुम्ही विचाराल, महाराज, खिळा तर टोकदारच असतो, मग आधी भोक कशाला? आपल्या सातपाटीसारख्या बंदरात लाकडी होडी बांधणाऱ्याला विचारा. फळीच्या कडेला जाड खिळा तसाच ठोकला, तर फळी रेषेरेषेने फाटते. मग तिथून पाणी आत येतं आणि दर्यावर गेलेल्या माणसांच्या जिवाशी गाठ पडते. भोक पाडून ठोकलेला तोच खिळा दोन फळ्या धरून ठेवतो.

माउली, आपण घरात काय करतो? ठोकतो! वर म्हणतो, “मी खरं तेच बोललो.” अरे बाबा, खिळा खराच होता, पण भोक कुठे पाडलं होतंस? या पट्ट्यात जमिनीला भाव आला आणि सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. सात-बाऱ्यावर नावं एकाखाली एक, पण पंगतीत पानं लांब लांब. आषाढीला दोघं एकाच दिंडीत असतात, एक पुढे, एक मागे. दोघांच्या गळ्यात माळ, आणि नजरेला नजर नाही. त्या पांडुरंगाने कुणाकडे बघावं?

मग करायचं काय? सामत्याकडे बघा. दोरी ढिली ठेवली तर घसरते, फार ताणली तर तुटते. जोर जास्त लावला तर टोक अडकतं. आणि मुख्य गोष्ट ऐका. त्या टोकाला दोन्ही बाजूंनी धार असते. कमान जाताना कापतं, येताना पण कापतं. तुम्ही भावाच्या दारात गेलात, तो बोलला नाही, तुम्ही परत आलात. ती फेरी फुकट गेली का? नाही! थोडा भुसा निघाला. उद्या परत जा.

यज्ञात अग्नी काढतात, तेव्हाही दांडा असाच दोरीने घुसळतात. खाली अरणी असते. श्वेताश्वतर उपनिषद सांगतं, स्वतःचा देह ही खालची अरणी करा, ओंकार ही वरची, आणि ध्यानाने घुसळा, लपलेला देव दिसेल. आपल्या वारकऱ्यांना हे सोपं आहे. श्वास आत जातो, बाहेर येतो, त्याला नामाची दोरी लावा.

आणि वरची मूठ? दांडा इतका फिरतो, पण मूठ फिरत नाही. ती स्थिर आहे म्हणून भोक सरळ पडतं. विटेवर कमरेवर हात ठेवून उभा आहे ना, तसा देव मनात स्थिर असू द्या. मग समोरचा किती का बोलेना.

हक्क सोडा, असं मी सांगत नाही. हिशोब करायचा तो करा. कोर्टात निकाल लागेल तो लागेल. पण आज घरी जाताना त्याच्या ओट्यावर घटकाभर टेका. जमिनीचा विषय काढू नका. “दादा, गुडघा कसा आहे?” एवढंच विचारा. वहिनीने पाणी दिलं तर प्या, नाही दिलं तर रामकृष्ण हरी म्हणून उठा. खिळ्याचं नंतर बघू. आज फक्त भोक पाडायला सुरुवात करा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!