कर्करोगावरील अतिसूक्ष्म औषधवाहक



कर्करोगाचे औषध शिरेतून दिले की ते सर्व शरीरात पसरते. डॉक्सोरुबिसिन हे प्रभावी औषध हृदयालाही इजा करू शकते. म्हणून शास्त्रज्ञांनी ते स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कुपीत बंद केले. ही कुपी सुमारे १०० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान असते. निरोगी रक्तवाहिन्यांतून ती सहसा बाहेर पडत नाही. गाठीतील सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून मात्र झिरपते. अमेरिकेत १९९५ साली अशा औषधाला मान्यता मिळाली. हृदयाचा धोका घटला, तरी तळहात-तळपायांची त्वचा सोलवटण्यासारखे त्रास उरलेच.

तथापि उत्तम औषधाचाही खरा लाभ वेळेवर आलेल्या रुग्णालाच होतो. आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून टाटा रुग्णालय व बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

माता-भगिनींनो, ज्या मातीने जगाला हा धडा दिला, तेथे संकोचापायी कुणाचा जीव जाऊ नये. तपासणी अवश्य करून घ्यावी, हीच नम्र विनंती.